बाबांबद्दल तीन शब्द : हेलन फ्रिक आणि इतिहासाच्या पुस्तकावरची केस

आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर, अगदी स्मशानातल्या बाकड्यावर पण "कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ" असं रंगवलेलं असतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, पैसे दिले, नाव लागलं, विषय संपला. पण समजा उद्या त्या टाकीवाल्यांची मुलगी येऊन म्हणाली की आमच्या वडिलांनी गावाला एवढं दिलंय, तर गावाच्या इतिहासात त्यांच्याबद्दल काय छापायचं ते पण आम्हीच सांगणार, तर? हे खरंच झालंय, पण आपल्याकडे नाही, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, १९६५ साली. केस करणाऱ्या बाईंचं वय तेव्हा ७६, नाव हेलन क्ले फ्रिक. आणि या बाई काही साध्यासुध्या नव्हत्या, कला-इतिहासाच्या अभ्यासकांसाठी जगातली एक नंबरची लायब्ररी त्यांनीच उभी केलेली. म्हणजे पुरावे जमवून देणं हे जिचं आयुष्यभराचं काम, तीच बाई पुस्तक थांबवायला कोर्टात. मला हे प्रकरण इंटरेस्टिंग वाटतं ते याच्यामुळे.

आधी वडील. हेन्री क्ले फ्रिक, जन्म १८४९, पिट्सबर्गच्या आसपासच्या खेड्यातला. यांचा धंदा कोकचा, प्यायचा नाही, दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून जो कोक बनतो तो, ज्याच्याशिवाय त्या काळात लोखंड-पोलाद बनायचंच नाही. १८७१ मध्ये मेलन यांच्या बँकेकडून कर्ज काढून भट्ट्या टाकल्या, आणि तिशीत पोचेपर्यंत गडी मिलियनेर. पुढे अँड्र्यू कार्नेगीची भागीदारी आणि त्याच्या स्टील कंपनीचं चेअरमनपद. कार्नेगी बाहेर जाऊन भाषणं द्यायचा, मजुरांचा कैवार घ्यायचा, आणि कारखान्यात जे काही वाईटपणा घेण्याचं काम असेल ते फ्रिक करायचा. ही वाटणी दोघांनाही सोयीची होती, निदान काही वर्षं तरी.

आता हेलनच्या घरात १८९१-९२ या एका वर्षात काय झालं ते नीट बघा, कारण पुढची सगळी केस इथून सुरू होते असं माझं मत आहे. हेलनचा जन्म सप्टेंबर १८८८ चा. तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी बहीण मार्था, हिने लहान असताना एक टाचणी गिळली, ती आत राहिली, पू झाला, पोर झिजत गेली आणि १८९१ च्या उन्हाळ्यात, सहावा वाढदिवस आठवड्यावर आलेला असताना गेली. फ्रिकने त्यानंतर आपल्या बँकेच्या चेकवर मार्थाचा चेहरा छापून घेतला. म्हणजे कोळशाचे, रुळांचे, मजुरीचे पैसे देताना ज्या कागदावर सही करायची त्या कागदावर गेलेली मुलगी बघतेय. ज्या माणसाला सगळं राज्य दगड म्हणत होतं त्याचं हे.

मग जुलै १८९२. पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडला कार्नेगीचा पोलाद कारखाना होता, तिथला युनियनबरोबरचा करार जूनअखेर संपत होता, फ्रिकला पगार कमी करायचे होते आणि खरं सांगायचं तर युनियनच नको होती. त्याने कारखान्याभोवती उंच फळ्यांचं कुंपण घातलं, वर काटेरी तारा, मजुरांनी त्याचं नाव ठेवलं "फोर्ट फ्रिक". कामगारांना बाहेर काढून टाळं लावलं आणि ६ जुलैला मोनोंगाहेला नदीतून दोन बार्जमध्ये घालून ३०० पिंकर्टन, म्हणजे भाड्याचे बंदूकवाले, पहाटे किनाऱ्याला आणले. दिवसभर गोळीबार, दोन्ही बाजू मिळून निदान दहा माणसं मेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये. आणि त्याच ६ जुलैला फ्रिकच्या घरी मुलगा झाला.

२३ जुलैला अलेक्झांडर बर्कमन नावाचा अराजकवादी तरुण फ्रिकच्या ऑफिसात घुसला, दोन गोळ्या घातल्या आणि वर भोसकलं. फ्रिक वाचला. ३ ऑगस्टला ते तान्हं बाळ गेलं, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत फ्रिक परत ऑफिसात हजर. संप नोव्हेंबरपर्यंत मोडून निघाला आणि त्या कारखान्यांत युनियनला पुन्हा पाय ठेवायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. हे सगळं झालं तेव्हा हेलन चार वर्षांची पण नव्हती. तिला यातलं काय दिसलं असेल? आई अंथरुणात, बहीण नाही, भाऊ आला आणि गेला, बाबा बँडेजमध्ये. बाबांना गोळ्या का घातल्या हा प्रश्न चार वर्षांच्या पोरीला पडत नाही, बाबांना कोणीतरी मारलं एवढंच कळतं.

बाप-लेकीचं नातं पुढे अगदी घट्ट. १९०८ मध्ये पिट्सबर्गच्या उच्चभ्रू समाजात तिचं पदार्पण झालं, म्हणजे मुलगी मोठी झाली म्हणून जी जंगी पार्टी देतात ती, तेव्हा बाबांनी विचारलं काय हवंय. तिने मागितली बाग, शहरातल्या पोरांना खेळायला. आणि तेव्हाचं पिट्सबर्ग म्हणजे धुराने काळंठिक्कर, कपडे वाळत घातले तर काजळी बसायची, त्यामुळे ही काही नुसती श्रीमंत पोरीची हौस नव्हती. फ्रिकने शब्द पाळला, मृत्युपत्रात १५१ एकर जमीन आणि देखभालीला २० लाख डॉलर ठेवले, १९२७ मध्ये फ्रिक पार्क लोकांना खुलं झालं, आज ते ६४४ एकर आहे, शहरातलं सगळ्यात मोठं. १९०९ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्समध्ये वेनहॅमला कापड आणि बुटांच्या कारखान्यातल्या मुलींसाठी सुट्टीचं घर काढलं, आयर्न रेल नावाचं. कामगारांच्या मुली! म्हणजे तिला मजुरांबद्दल काही वाटतच नव्हतं असं म्हणायला जागा नाही. फक्त त्या मुलींचे बाप आणि आपले बाबा यांच्यात काय झालं ही फाइल तिने कधी उघडली नाही.

डिसेंबर १९१९ मध्ये फ्रिक गेला. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा वाडा, आतली रेम्ब्रांट, व्हर्मीर, बेलिनी सगळी चित्रं बायकोच्या मागे लोकांसाठी खुली करायची असं लिहून ठेवलं होतं. एकतिशीच्या हेलनला मिळाले सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर, देशातली सगळ्यात श्रीमंत अविवाहित बाई म्हणून पेपरात नाव. तिने लग्न केलं नाही, शेवटपर्यंत मिस फ्रिक.

आणि इथे तिचं सगळ्यात भारी काम येतं. लंडनला सर रॉबर्ट विट यांनी घरात चित्रांच्या फोटोंचा संग्रह केला होता, तो बघून हिच्या डोक्यात बसलं की न्यूयॉर्कला असं पाहिजे. १९२० मध्ये वाड्याच्या तळघरात जो बोलिंग खेळायचा लांबलचक हॉल होता तिथे खोकी मांडून सुरुवात. कल्पना करा, जिथे पाहुणे चेंडू घरंगळवायचे तिथे बायका बसून फोटो चिकटवतायत. कार्डाच्या पुढच्या बाजूला चित्राचा फोटो, पाठीमागे सगळी कुंडली, कोणी काढलं, आधी कोणाकडे होतं, लिलावात कधी गेलं, आणि महत्त्वाचं म्हणजे एक तज्ज्ञ म्हणतो याचं आहे, दुसरा म्हणतो नाही त्याचं आहे, तर ती दोन्ही मतं त्याच कार्डावर. मत पटलं नाही म्हणून खोडायचं नाही. फोटोग्राफर पाठवून अमेरिकेतल्या लहान गावांतली, लोकांच्या घरातली चित्रं पण टिपून आणली, युरोपातल्या चर्चमधली भित्तिचित्रं टिपली, त्यातलं काही पुढे युद्धात उद्ध्वस्त झालं, फोटो तेवढा राहिला. १९३५ ला स्वतंत्र इमारत झाली. संग्रह वाढत वाढत दहा लाख फोटोंच्या वर गेला, वापर फुकट. १९४३ मध्ये ही लायब्ररी काही महिने वाचकांना बंद ठेवून आत अभ्यासक बसले आणि युरोपातल्या कुठल्या गावात कुठलं चर्च, कुठलं म्युझियम वाचवायला हवं याचे नकाशे त्यांनी सैन्यासाठी तयार केले, बॉम्ब टाकणाऱ्यांनी ती जागा सोडावी म्हणून. दानधर्म म्हणून याच्या तोडीचं काम मला चटकन आठवत नाही.

पण बाई देताना हात सैल आणि सोडताना मात्र मूठ घट्ट. वडिलांच्या वाड्याच्या म्युझियममध्ये बाहेरच्या कोणाची देणगी-चित्रं नकोत म्हणून त्या हटून बसल्या, बाबांनी घेतलेली किंवा बाबांच्या पैशाने घेतलेलीच चित्रं तिथे टांगली पाहिजेत. ट्रस्टवर जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर होते, त्यांना काही वस्तू द्यायच्या होत्या, त्यावरून थेट कोर्ट. त्या हरल्या, आणि पुढे १९६१ मध्ये रॉकफेलरच्या वस्तू घ्यायचं ठरल्यावर राजीनामा देऊन बाहेर पडल्या. पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीला कलेचा विभाग आणि अख्खी इमारत दिली, पण अटी अशा की आधुनिक कला नको आणि जर्मन माणूस तर नकोच (पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसबरोबर फ्रान्सला जाऊन आल्यापासून जर्मनांवरचा राग आयुष्यभर टिकला), युनिव्हर्सिटी म्हणाली असं चालत नाही, तर तिथलं पण फाटलं, आणि मग स्वतःचंच वेगळं आर्ट म्युझियम काढलं, १९७० मध्ये. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीत सगळ्यात जास्त वर्गणी देणारे काका असतात ना, मूर्ती कुठली, प्रसाद कुठला, लाउडस्पीकर कुठे लावायचा सगळं मीच ठरवणार, तशातला प्रकार, फक्त आकडे मोठे.

तर मुद्द्यावर. १९६४ मध्ये रँडम हाउसने पेनसिल्व्हेनियाचा इतिहास छापला, लेखक सिल्व्हेस्टर स्टीव्हन्स. हे राज्याच्या सरकारी इतिहास आयोगाचे कार्यकारी संचालक, म्हणजे कोणी सनसनाटी लिहिणारा पत्रकार नव्हे. शेकडो पानांच्या पुस्तकात फ्रिकबद्दल मोजकाच मजकूर, त्याने युनियन मोडली, कोकच्या पट्ट्यात परदेशातून आलेले मजूर राबवले, कंपनीचीच घरं आणि कंपनीचीच दुकानं होती वगैरे. आणि माणसाचं वर्णन तीन विशेषणांत, आपल्या भाषेत सांगायचं तर कडक, तुसडा, हुकूमशहा. बास. आज कुठल्याही मॅनेजरबद्दल ऑफिसच्या चहाच्या टपरीवर याच्या दसपट बोलतात.

हेलनबाईंनी स्टीव्हन्सवर केस टाकली, कंबरलँड काउंटीच्या कोर्टात, कार्लाइल गावी. इथे कायद्याची जी गोम आहे ती नीट समजून घ्यायला हवी. तिथल्या कायद्यात मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, म्हणजे बदनामीची भरपाई मागता येत नाही, ज्याची अब्रू गेली तोच नाही तर दावा कोणाचा. म्हणून त्यांच्या वकिलांनी दुसरी वाट काढली, मनाई हुकूम मागितला. म्हणणं असं की मजकूर खोटा आहे, फ्रिक हे नाव मी लावते, त्याच नावाने संस्था चालवते, वडिलांच्या नावाला लागलेला डाग मलाच लागतो, तेव्हा मजकूर दुरुस्त होईपर्यंत पुस्तक विकायला बंदी घाला. पैसे नकोत, वाक्यं बदला.

हे जर मान्य झालं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. इतिहासात जे जे कोणी कडक, तुसडे आणि हुकूमशहा होऊन गेले त्यांच्यापैकी पैसेवाल्यांचे नातू-पणतू दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कोर्टात उभे राहिले असते, आणि लिहिणाऱ्याने आधी वकिलाची फी मोजून मग लेखणी उचलली असती. इतिहासकारांचं धाबं दणाणलं ते उगीच नाही. स्टीव्हन्स सरकारी पगारदार माणूस, आणि समोर फ्रिकची तिजोरी.

खटल्यात झालं असं की पुस्तक खरं की खोटं हे ठरवायला कोर्टाला अख्खा फ्रिकच उकरावा लागला. होमस्टेड, पिंकर्टन, कोक पट्ट्यातले संप, खाणीतली घरं, सगळं परत कागदावर. जे तीन शब्द पुस्तकाच्या एका कोपऱ्यात पडून होते त्यांच्यासाठी देशभर पेपरांत बातम्या. झाकायला गेलं तर उघडं पडतं म्हणतात ते हेच. आणि बाईंची बाजू उभी होती ती घरातल्या आठवणींवर, बाबा प्रेमळ होते, मुलांशी कसे वागायचे, किती दान केलं. ते खोटं नव्हतंच. पण घरात मऊ असणारा माणूस कारखान्यात कडक असू शकतो, दोन्ही एकाच माणसात मावतं, हे साधं उत्तर तिथे पुरेसं होतं. १८९२ बद्दल तर त्या साक्षीदार म्हणून काय सांगणार, चार वर्षांच्या आतलं वय.

मे १९६७ मध्ये न्यायाधीश क्लिंटन वाइडनर यांनी निकाल दिला आणि केस पूर्ण फेटाळली. मजकूर मुळात खरा आहे आणि लेखकाने द्वेषाने लिहिलेला नाही, बंदी घालायला कारणच नाही. त्या निकालातलं एक वाक्य खूप गाजलं, त्याचा मतितार्थ असा की मिस फ्रिक उद्या बायबलच्या छपाईवर पण बंदी मागू शकतील, कारण त्या ईव्हच्या वंशज आहेत आणि आपल्या पूर्वजाने आदमला ते फळ दिलं हे त्यांना पटत नाही. खवचटपणा आहे, आणि ७८ वर्षांच्या बाईला उद्देशून म्हटलंय हे लक्षात घेतलं तर थोडा जास्तच आहे. पण मुद्दा बिनतोड.

हीच केस आपल्याकडे झाली असती तर? गंमत बघा, आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात लिहिलेलं होतं की मृत व्यक्तीबद्दलचं विधान पण अब्रुनुकसानी ठरू शकतं, ती व्यक्ती जिवंत असती तर त्या विधानाने तिची अब्रू गेली असती आणि त्यामागे घरच्यांच्या, जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवायचा हेतू असेल तर. नव्या न्याय संहितेत पण कलम ३५६ मध्ये ते तसंच आलंय. म्हणजे हेलनबाईंना इथे निदान दारात उभं राहायला तरी मिळालं असतं. जिंकल्या असत्या असं मी म्हणत नाही, कारण विधान खरं आणि लोकहिताचं असेल तर सुटका आहे, आणि दुखवायचा हेतू दाखवायला लागतो. पण "भावना दुखावल्या" या शब्दांवर आपल्याकडे पुस्तकांचं काय काय होतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. तिथे निदान सगळं कोर्टात झालं, कोणी जाऊन लायब्ररी फोडली नाही.

या प्रकरणावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, की सगळं दान म्हणजे बापाच्या नावावरचं रक्त धुवायचा साबण. दुसरं, की म्हातारी हट्टी होती पण केवढं देऊन गेली, सोडा ना. मला दोन्ही अपुरी वाटतात. बाग १९०८ मध्ये मागितली तेव्हा ती वीस वर्षांची मुलगी होती, तिला काही धुवायचं नव्हतं. आणि लायब्ररीने बाबांच्या नावाचं काही भलं केलं असेल तर ते नकळत. माझ्या मते चूक एकाच जागी झाली, दिलेल्या वस्तूवर ताबा आणि वडिलांच्या गोष्टीवर ताबा यातला फरक त्यांना दिसला नाही. रॉकफेलरचं चित्र भिंतीवर नको म्हणणं आणि स्टीव्हन्सचं वाक्य पुस्तकात नको म्हणणं त्यांच्या लेखी सारखंच, दोन्हीकडे बाबांच्या घरात परका माणूस घुसतोय. आणि सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे काय करायला हवं होतं ते त्यांना माहीत होतं, तळघरात स्वतः करून दाखवलं होतं. पुढे फोटो, मागे दोन्ही मतं.

बाई त्यानंतर सतरा वर्षं जगल्या. शेवटी पिट्सबर्गच्या क्लेटन या लहानपणच्या घरी परत राहायला आल्या, घर बऱ्यापैकी तसंच जपून ठेवलेलं, आणि तिथेच नोव्हेंबर १९८४ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या. १९९० मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे ते घर लोकांना बघायला खुलं झालं. वडिलांचे धंद्याचे कागद मात्र त्यांनी फेकले नव्हते, सगळे ठेवले होते, हिशोबाच्या वह्या, पत्रं, तारा, कार्नेगीशी झालेला पत्रव्यवहार. त्यांच्या फाउंडेशनने ते पुढे पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीला दिले. हो, तीच, जिच्याशी भांडण झालं होतं. आता त्यातले कितीतरी कागद स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत, कोणीही उघडून वाचावं आणि कडक, तुसडा, हुकूमशहा की आणखी काही, ते ज्याचं त्याने बघावं.